उतरंडीखालचा कॉम्प्युटर

लातुरात त्या काळी दर दहा पावलांवर एक सर उगवलेला असे. भूकंपात पडलेली घरं उभी राहायच्या आत ह्या मंडळींनी क्लासेसचे तीन-तीन मजले चढवले होते. काल पत्र्याच्या शेडमध्ये शिकवणारा माणूस आज चौकातल्या बोर्डावर हाताची घडी घालून उभा. गल्लीत कुत्र्याला मारलेला दगड नेम चुकून एखाद्या सरांनाच लागायचा, आणि ते कळवळायच्या आधी दगडाचा वेग विचारायचे.

मी हदगावचा. विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलो आणि ह्या सरांच्या गर्दीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकून बसलो. माझी सगळी गिऱ्हाइकं सरच. सर बिघडायचे त्याच्या निम्म्यानंही मशिनं बिघडत नव्हती.

त्यातल्या एका केमिस्ट्रीच्या सरांनी मला बोलावलं ते दुरुस्तीसाठी नव्हे, साक्षीसाठी. त्यांच्या परीक्षाखोलीत एक कॉम्प्युटर होता. त्यात दर रविवारच्या टेस्टचे पेपर असायचे. संध्याकाळी सर स्वतः तो बंद करत, खोलीला कुलूप लागे आणि पहाटे कुलूप काढून बघावं तर मशीन चालू, पडदा उजळलेला. गेले दहा-बारा दिवस रोज हेच. किल्ली एकच, आणि ती मामांकडे.

मामा म्हणजे क्लासचे शिपाई. औशाकडच्या खेड्यातलं घर भूकंपात गेलं तेव्हा ते लातुरात आले आणि इथं लागले. पगार असा की मुंगीनंही तक्रार केली असती. पण मामांची लेक त्या नोकरीपायी बारावीच्या बॅचला फुकट बसायची, आणि हुशार होती. मामा त्या एका खुर्चीसाठी सरांचं सगळं ऐकून घेत.

सरांनी आधी संशय धरला तो भूकंपावर. त्यांचं म्हणणं, पहाटे बारीक धक्का बसतो आणि बटण दबतं. भूकंपानंतर आमच्याकडे घरोघरी स्टीलच्या पेल्यांची उतरंड रचून ठेवत, धक्का बसला की ती खणखणत पडावी आणि माणसांनी बाहेर पळावं म्हणून. सरांनी तशीच सात पेल्यांची उतरंड कॉम्प्युटरच्या डब्यावर रचली. इतकं शिकलेला माणूस आणि ही असली अवजारं! सकाळी पेले जागच्या जागी, मशीन चालू. भूकंप निर्दोष सुटला. मग उरले मामा.

सरांनी पुराव्याची वाट पाहिली नाही. मामा पेपर बाहेर देतात असं ठरवून त्यांनी भर वर्गात लेकीचं नाव पटावरून काढलं आणि मामांना सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगितलं. मी फक्त मशीनच्या पोटातून चोरीची वेळ काढून द्यायची होती.

ती काढली. रोज पहाटे साडेपाचच्या पुढंमागं मशीन उठलेलं. मी सरांना विचारलं, तुम्ही तेव्हा काय करता? सर खूश झाले. आपली दिनचर्या सांगायला त्यांना फार आवडायचं. ते साडेपाचला केबिन उघडत, सरस्वतीला उदबत्ती लावत, उरलेली आपल्याच फोटोला लावत, आपला कॉम्प्युटर सुरू करून निकालाची फाईल बघत, आणि मग मामांना घेऊन परीक्षाखोली उघडत.

निकालाची फाईल कुठं असते, मी विचारलं. परीक्षाखोलीतल्या मशीनमध्ये, सर म्हणाले. ते बंद असताना ती तुम्हाला दिसते कशी, हा प्रश्न त्या केमिस्ट्रीच्या महासागराला एकदाही पडला नव्हता.

मी मशीन बंद करून त्याच्या पाठीमागं वाकलो. सगळं मेलेलं, पण केबिनमधून येणारी नेटवर्कची तार ज्या कार्डात खोचतात तिथं एक हिरवा दिवा लुकलुकत होता. यूपीएस कधीच बंद करायचा नाही हा सरांचाच हुकूम, त्यामुळं त्या कार्डाला चोवीस तास वीज. कार्ड नवं होतं. सरांच्या मेहुण्यानं नायगावहून येऊन बसवलेलं. तो कुठल्याशा मासिकाची दोन पानं वाचून तज्ज्ञ झाला होता, आणि तारेवरून हाक आली की मशीन जागं व्हावं अशी सोय त्यानंच हौसेनं चालू केली होती.

तोंडानं सांगितलं तर सर माझ्यावरच उलटले असते. म्हणून मी परीक्षाखोलीला कुलूप लावलं, किल्ली खिशात घातली, मामांना सगळ्यांसमोर अंगणात खुर्चीवर बसवलं. पोरं वर्गाच्या खिडकीच्या गजांना लोंबकळली. सरांना म्हटलं, केबिनमध्ये जाऊन आपला कॉम्प्युटर लावा आणि निकाल उघडा.

दोन मिनिटं गेली. कुलूपबंद खोलीत मशीननं पीप केलं आणि पंखा फिरू लागला. खोलीच्या खिडकीतून पाहिलं, वरचे सातही पेले बारीक थरथरले, पडले नाहीत. मी कुलूप काढून मशीन बंद केलं, तार उपटली आणि खोली लावून तोच खेळ पुन्हा केला. खोली गप्प. तार लावली, पुन्हा पीप. इतके दिवस पहाटे सरांचा चोर सरच उठवत होते.

सर बाहेर आले. चेहरा असा की त्यावर लिटमस धरला असता तर कागदच लाजला असता. म्हणाले, "म्हणजे दोष नेटवर्कचा आहे." आणि मामांकडं न बघता, "मामा, सोमवारी या."

मामा खुर्चीवरून उठले नाहीत. "येतो की, सर. पण पोरीचं नाव भर वर्गात काढलं तुमी. घ्यायचं तर भर वर्गातच घ्या. मी इथंच बसून राहतो."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी तोवर परीक्षाखोलीत शिरून, पेल्यांना हात न लावता डब्याची बाजू उघडून मेहुण्याची करामत निपटून काढण्यात फारच गुंतलो होतो. कार्डापासून आत गेलेली बोटभर वायर काढली की काम संपलं.

शेवटी सर वर्गात गेले. तांत्रिक कारणास्तव वगळलेलं एक नाव तांत्रिक कारणास्तव पुन्हा घेण्यात येत आहे, असं म्हणाले. माफी हा शब्द त्यांच्या आवर्तसारणीत नव्हता. दाराबाहेर थांबलेली पोरगी आत आली आणि पहिल्या बाकावर, सरांच्या नाकासमोर बसली.

मग मामा उठले. परीक्षाखोलीतली उतरंड उतरवली, सातही पेले घासले, माठातून भरले. पहिला पेला लेकीला, दुसरा मला, मग खिडकीतल्या पोरांना. सर हात पुढं करून उभे होते. त्यांना सातवा मिळाला.