वाक्य पूर्ण छापायचं

आमच्या सरांनी आयुष्यात एकाही बिशपाला पाहिलेलं नव्हतं, पण बिशप म्हटलं की त्यांच्या कपाळावरची शीर उडायची. रत्नागिरीतल्या फादरांशी त्यांची दोस्ती होती, नाताळला त्यांच्याकडून केक यायचा. राग होता तो साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडातल्या बिशपांवर. राजाच्या मांडीला मांडी लावून बसले, लोकांनी प्रार्थना कशी करायची याचे हुकूम काढले आणि विरोधात लिहील त्याला तुरुंगात घातलं, हे सर असं सांगायचे की कालच घडलंय आणि हे साक्षीला उभे होते. साहजिकच कॉलेजात त्यांचं नाव पडलं बिशप. एकदा मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "सर, ते सगळे कधीच मेले." सर म्हणाले, "मेले ते मला ठाऊक आहे. हरले का, ते सांग."

सरांचा जन्मभराचा विषय म्हणजे त्या भांडणांची पत्रकं. चार-आठ पानांची, घाईत छापलेली, पकडलं जाऊ नये म्हणून छापखान्याचं खोटं नाव घातलेली. एकाने लिहायचं, दुसऱ्याने त्याला उत्तर द्यायचं, तिसऱ्याने त्या उत्तराला. चर्चमधलं टेबल भिंतीला लावायचं की मधोमध ठेवायचं, यावरून माणसं एकमेकांच्या जिवावर उठली होती हे ऐकून आम्ही खो खो हसलो. सरांनी खडू खाली ठेवला. "शिमग्यात पालखी आधी कोणाच्या दारात न्यायची यावरून तुमच्या गावांत डोकी फुटतात. हसा, हसा."

एका पत्रकवाल्याचे तर कान कापले होते. तो गप्प बसला नाही, पुन्हा लिहिलं. तेव्हा उरलेसुरले कानही छाटले. हा भाग आला की सरांचे हात आपोआप स्वतःच्या कानांकडे जायचे. परीक्षेत हा प्रश्न कधी आला नाही, पण आमच्या वर्गातल्या कोणालाही आज झोपेतून उठवून विचारा, कान आठवतील.

पदवी घेऊन मी वडिलांचा छापखाना सांभाळायला घेतला. लग्नपत्रिका हळूहळू फोनवर गेल्या आणि आम्ही फ्लेक्सवर आलो. वाढदिवस, निवड, अभिनंदन, श्रद्धांजली, सगळ्याला तीच माणसं, तेच हात जोडलेले. सर निवृत्त होऊन गावी राहायला गेले होते. मालगुंडच्या रस्त्याला आत वळलं की त्यांचं गाव. एक दिवस छत्री टेकत दुकानात आले नि म्हणाले, "एक पत्रक छापायचंय गो. आपले बिशप सापडले."

सरांचे बिशप म्हणजे गावच्या देवस्थानाचे अध्यक्ष. त्यांना देवरहाटी तोडायची होती. देवरहाटी म्हणजे देवीच्या नावाने राखलेलं रान. तिथली वाळकी काटकीसुद्धा कोणी चुलीला नेत नसे. अध्यक्षांना तिथे सभागृह नि गाड्यांना जागा करायची होती, आणि पुढची निवडणूकही लढवायची होती. सरांनी पत्रकात एवढंच विचारलं की रान देवीचं, तर देवीला कौल लावलात का? त्याआधी ग्रामसभेत अध्यक्ष म्हणाले होते, "विकासाला कौल लागत नाय." हे वाक्य सरांनी चौकटीत, ठळक अक्षरांत, आहे तसं छापून घेतलं.

मग अध्यक्षांचं पत्रक आलं. दुसरीकडे छापलेलं, गुलाबी कागदावर. झाडांबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. सर इंग्रजी शिकले नि धर्म विसरले, म्हातारपणी गावात काड्या घालतात, असं बरंच होतं, आणि शेवटी सहीनिशी एक वाक्य: "या माणसाच्या अंगणात देवीची पालखी टेकणार नाही आणि मी या घरचं पाणी पिणार नाही." सर ते घेऊन आले ते लग्नाचं आमंत्रण आल्यासारखे. "उत्तर आलं! अगं, उत्तर आलं!" त्यांना ते सगळंच्या सगळं आपल्या दुसऱ्या पत्रकात घालायचं होतं. मी म्हटलं, त्यांच्या शिव्या आपल्या शाईने कशाला छापायच्या? दोन ओळी घेऊ. सर असे काही चिडले की चहा तसाच राहिला. "शत्रूचं वाक्य अर्धं छापलं की लोकांना त्याची दया येते. पूर्ण छापायचं. पुढचं काम ते वाक्यच करतं."

वाळीत टाकणं गुन्हा आहे, पोलिसांत जा, असं त्यांना पुष्कळांनी सांगितलं. सर ऐकेनात. "पत्रकाला पत्रक. शिपाई बोलावणं हे बिशपांचं काम." माफ करून टाका म्हणणाऱ्यांनाही त्यांचं उत्तर तयार असे: "माफीला मोठं मन लागतं. माझं मध्यम आहे."

सर हरले. रान तुटलं, सभागृह झालं, अध्यक्ष निवडूनही आले. तेवढं सरांनी सोसलं असतं. पण शिमगा आला. आमच्याकडे शिमग्याला देवी पालखीत बसून घरोघर येते. वर्षभर माणसांनी देवळात जायचं, त्या दिवसांत देवी दारात. तिच्यासाठी मुंबईची माणसं रजा टाकून येतात. सरांच्या पत्नीला, आमच्या काकूंना, त्या पत्रकांशी काही देणंघेणं नव्हतं. "ह्यांचे बिशप ह्यांच्यापाशी. माझी देवी घरी आली म्हणजे झालं," असं त्या म्हणायच्या. त्यांनी अंगण सारवलं, रांगोळी काढली, ओटीचं ताट घेऊन उभ्या राहिल्या. पालखी वळणावर आली, ढोल थांबला आणि पालखी मुकाट्याने पुढे गेली. पुढच्या शिमग्यालाही तेच, त्याच्या पुढच्यालाही. काकू दरवर्षी सारवायच्या. सर मला म्हणाले, "माझे कान कापले असते तर चाललं असतं गो. ह्यांनी हिला छाटलं."

माघात सर गेले. शेवटच्या दिवसांतही एक पत्रक मनात जुळवत होते. ते कागदावर आलंच नाही.

तिसऱ्या दिवशी माझ्या फोनवर अध्यक्षांचा निरोप आला. एसटीच्या थांब्यावर लावायला मोठा फ्लेक्स हवा. 'गावाचे भूषण, थोर विचारवंत, भावपूर्ण श्रद्धांजली.' कोपऱ्यात सरांचा छोटा फोटो, मधोमध अध्यक्षांचा मोठा. खाली 'शोकाकुल' आणि त्यांचं नाव. मी खुर्चीत बसून ते दोनदा वाचलं. ज्याने काकूंचं ताट परत न्यायला लावलं तो आता सरांच्या मढ्यावर स्वतःची जाहिरात लावणार होता. मला सूड हवा होता. आज लिहितानाही त्याची चव जिभेवर आहे, खोटं कशाला बोलू?

मी त्यांच्या मजकुरातला एक शब्दही काढला नाही. फोटो तेवढाच मोठा ठेवला, हात जोडलेलाच. फक्त त्याच्या खाली, चौकटीत, ठळक अक्षरांत, त्यांचं गुलाबी पत्रकातलं शेवटचं वाक्य घातलं. पूर्ण. त्याखाली त्यांचीच सही. फ्लेक्स न्यायला आलेल्या माणसांनी गुंडाळी उचलली आणि भल्या पहाटे बांधून मोकळे झाले.

सकाळी अध्यक्षांचा फोन आला. "काय गो, ह्ये काय छापलंस तू?"

"तुमचंच वाक्य आहे, अध्यक्ष. बदललेलं नाही."

"तुला सांगितला होता मी ह्या छापायला?"

"सरांचा नियम आहे."

त्यांनी जी शिवी दिली ती मात्र मी छापणार नाही. त्यांची दया येऊ नये इतपत छापून झालंय. फ्लेक्स दुपारच्या आत उतरला, पण तोवर त्याचा फोटो गावच्या मुंबईकरांच्या फोनांवर पोचला होता. सरांच्या हाताखाली शिकलेली माणसं त्यांत पुष्कळ होती.

त्या शिमग्याला मी मुद्दाम गेले. पालखी वळणावर आली, सवयीप्रमाणे ढोल थांबला आणि पालखी डावीकडे कलली. आमच्याकडे देवीने ओढ घेतली की खांदेकऱ्यांचं काही चालत नाही. ती नेईल तिकडे जायचं. अध्यक्ष ओरडले, "अरे, सरळ चला!" पुढच्या खांद्याचा मुंबईकर घाम पुसत म्हणाला, "देवी वडतेय, भाऊ. आमी काय करणार?" देवीने ओढली की त्या चार पोरांनी, हे मी विचारलं नाही. देवीपुढे अध्यक्षाला बोलता येत नाही, एवढं मला पुरे होतं. पालखी सरांच्या अंगणात शिरली नि ढोल असा कडाडला की समोरच्या माडावरचे कावळे उठले.

ओटी काकूंनी स्वतः भरली. विधवेने भरायची की नाही, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. पालखीला डोकं टेकून त्या बराच वेळ रडल्या. मग डोळे पुसले, पदर खोचला आणि ताटात कोकम सरबताचे पेले घेऊन सगळ्यांत फिरू लागल्या. फाल्गुनाचं ऊन, माणसं घामाने निथळलेली. अध्यक्षही दमले होते. त्यांनी हात पुढे केला.

काकूंनी ताट मागे घेतलं.

"नको हो भाऊ," त्या अगदी मायेने म्हणाल्या. "तुम्ही छापून दिलंय, या घरचं पाणी पिणार नाही म्हणून. अर्धं वाक्य आज देवीने मोडलं. उरलेलं तरी राहू दे. ह्यांना अर्धं वाक्य चालत नसे."

अंगणात कोणी हसलं नाही, म्हणून तर ते जास्त लागलं. अध्यक्षांचा हात तसाच हवेत राहिला, मग खिशात गेला. पालखी उठेपर्यंत ते कोरड्या तोंडाने कुंपणाशी उभे होते.

काकू माझ्यापाशी आल्या. "घे गो, लांबून आलीस." मी दोन पेले प्यायले. एक माझा, दुसरा अध्यक्षांच्या वाटणीचा. दुसरा जास्त गोड होता.