लाइनमन धुरी

काश्मीरमधल्या त्या बर्फाळ धारेवर पोस्टिंग झाली तेव्हा मी नाईक होतो, सिग्नलमधला लाइनमन. ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. काम एवढंच : बटालियन हेडक्वार्टरपासून पुढच्या पोस्टपर्यंत गेलेली टेलिफोनची तार शाबूत ठेवायची. तुटली की जोडायची. परत तुटली की परत जोडायची.

सुट्टीवर मालवणात गेलो की लोक विचारत, "बंदूक चालवतंस मा?" मी सांगायचो, तार ओढतो. त्यांची तोंडं उतरत. मुंबईचा आतेभाऊ तर तोंडावर म्हणाला, "मिल्ट्रीत जावन वायरमन झालंस? मुंबैक ये, हापिसात खुर्ची आसा, पंखो आसा." मला ते लागलं. खोटं कशाला बोलू? फौजेतून नाव कापून घ्यायचा अर्ज मी लिहून ट्रंकेत ठेवला होता.

माझा जोडीदार लान्स नाईक वसंत धुरी, देवगडकडचा, मॅट्रिक पास. सहज क्लार्क झाला असता. सांधा जोडला की हा टेस्ट-फोन लावायचा आणि दोन्ही टोकांची माणसं बोलायला लागली की खुदकन हसायचा. "दादानु, दोघां एकामेकांशी बोलतत ता आयकला की माका बरा वाटता." मी म्हणायचो, येडो आसंस तू.

त्या दिवशी सकाळी नऊ वीसला लाइन गेली. पोस्टवरचा कॉल अर्धवटच आला होता : एक जवान सीरियस, छातीत पाणी, श्वास घेता येत नाही. थंडीने रेडिओच्या बॅटऱ्या मेलेल्या. पोस्टवर उतरायला जागा साफ आहे की नाही हे कळल्याशिवाय हेलिकॉप्टर उडणार नव्हतं, आणि दुपारनंतर हवा बिघडणार होती.

सुभेदारसाहेब म्हणाले, "लाइन पार्टी, निकलो."

नऊ पस्तीसला निघालो. तार मुठीतून सरकवत चालायचं. जिथे ताण सुटतो, तिथे तुटली. अकरा दहाला नाल्यापाशी आलो आणि तार मुठीत ढिली पडली. दुसरं टोक नाल्याच्या मध्यावर बर्फातून वर आलेलं दिसत होतं, चाळीसेक पावलांवर. ऊन पडलं की वरचं बर्फ सुटतं, तेव्हा नाल्यात उतरायचं नाही, हा तिथला पहिला नियम. ऊन पडून तास झाला होता.

मी म्हटलं, "सांजचा गोठल्यावर जाव."

"तवसर तो मनीस ऱ्हवतलो?"

मी घड्याळ बघितलं.

"मी हलको आसंय, दादानु. मी जातंय."

सीनियर मी होतो. मी म्हटलं, "जा."

त्याने कमरेला लाल दोरी बांधली. बर्फ अंगावर आलं तर तिचं टोक वर राहतं आणि माणूस सापडतो, म्हणून. जोडायची तार ओढत तो गेला. मी काठावर फोन लावून बसलो. अकरा अठ्ठावीसला धुरीचा आवाज आला.

"पोस्ट?"

"बोलो, बोलो!"

"हेडक्वार्टर?"

"हां, सुन रहा हूँ."

"लाइन थ्रू. बात करो."

ते बोलायला लागले. श्वास किती, हवा कशी, हेलिपॅड साफ. मी ऐकत होतो आणि धुरीकडे बघत होतो. तो सांध्याला टेप गुंडाळत बसलेला. मी ओरडलो, "टेप ऱ्हवांदे! ये मागे!" त्याने हात वर केला, थांबा म्हणून. उघडा सांधा ओला झाला की बोलणं विरतं, हे त्याला ठाऊक होतं. मलाही होतं. अर्ध्यावर सांधा सोडायची आम्हां दोघांना सवयच नव्हती.

हेडक्वार्टर म्हणालं, "मेसेज मिल गया." मग वरच्या उतारावरचं बर्फ खाली आलं. फोन मुका झाला.

बाराच्या पुढे हेलिकॉप्टर आलं, पेशंटला घेऊन गेलं. धुरी दुसऱ्या दिवशी सापडला, दोरीमुळे. टेप हातातच होती.

तेव्हा घरी देह नाही, अस्थी जात. सोबत काळी ट्रंक आणि त्याच मुलखातला एक जवान. मी गेलो. देवगडला एसटीतून उतरून ट्रंक डोक्यावर घेतली आणि चालत त्याच्या घरी पोचलो. ओटीवर गाव जमलेलं. एक जण म्हणाला, "म्हणजे लढायेत नाय गेलो? वायर जोडताना?" माझं डोकंच फिरलं. "गप बस रे!" मी ओरडलो. मयताच्या घरी ओरडायचं नसतं, पण ओरडलो.

धुरीचे बाबा खांबाला टेकून बसले होते. मी सगळं सांगितलं. 'जा' मीच म्हटलं, हेही सांगितलं. मला रडू आवरलं नाही. त्यांनी विचारलं,

"तो आजारी मनीस वाचलो?"

"वाचलो."

"तेचा नाव काय?"

मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

"माझो झील जेच्यासाठी गेलो तेचा नाव माका होया. इचार आनि कळव."

परत गेल्यावर विचारलं आणि पत्र लिहिलं : गोविंदसिंग, गढवालचा, घरी बायको आणि एक मुलगी. त्याच दिवशी ट्रंकेतला अर्ज काढून फाडला.

पुढच्या सुट्टीत देवगडला गेलो. बाबांबरोबर बंदरावर उभा असताना कोणा परक्या माणसाने विचारलं, "तुमचो झील मिल्ट्रीत काय होतो?"

म्हातारा ताठ झाला.

"लायनमन होतो," ते म्हणाले. "गोविंदसिंग जितो आसा."