लहान ढीग

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे चिंच साफ करणं. आमच्याकडे खट्टी दाल रोजची, त्यामुळे चिंच वर्षाची भरावी लागते. बायको चिंच फोडायची, मी चिंचोके काढायचो. त्याच चिंचोक्यांनी आम्ही फुटबॉलच्या टीमांना मार्क द्यायचो.

तेव्हा आमच्या नारायणगुडा मोहल्ल्यात केबल नवी नवी आली होती. क्रिकेटवर तिचा राग, नुसते उभे राहतात म्हणायची. फुटबॉल मात्र आवडला. ब्राझीलला तिनं बारा चिंचोके दिले, कारण ते नाचल्यासारखे पळतात. त्या रात्री दोन मॅचेस होत्या. दोन्हींत तगडी मॅच कोणती, ते ठरवायला बसलो. मी सातवी नापास, पण बेरीज येते. ब्राझीलसमोर एक नवखी टीम, तिला तीन. झाले पंधरा. दुसरीकडे एक निळी टीम, एक लाल, दोघींना सात-सात. झाले चौदा.

"ब्राझीलची पहिली," मी म्हणालो.

"अहो, हौल्यासारखी, येड्यासारखी बेरीज काय करताय? लहान ढीग बघा, इकडे तीन, तिकडे सात. तुमची-माझी कुस्ती लावली तर तिला तगडी म्हणायची का?"

"तू जिंकशील, म्हणून मी लावत नाही."

"मग हरेल त्यानं चहा करायचा. आलं ठेचून. तुमचं ते रंगीत पाणी नक्को."

मॅचेस मध्यरात्रीनंतरच्या, आम्ही आधीच झोपलो. सकाळी उठवायला गेलो, तर ती झोपेतच गेलेली. त्यावर मला लिहिता येत नाही. दुपारपर्यंत सगळं उरकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर पाहुण्यांनी भरलेलं. सुतकात चूल पेटवायची नाही, जेवण-चहा शेजारून येणार. मी आवाज बंद करून टीव्ही लावला. त्याच दोन मॅचेस परत दाखवत होते. मेव्हणी तोंडाला पदर लावून माझ्याकडे बघत राहिली. ब्राझीलची मॅच अगदीच एकतर्फी, समोरची पोरं पळून पळून दमली बिचारी. निळ्या-लालची मात्र अशी रंगली की मेव्हणीनंच खुर्ची पुढे ओढली.

मॅच संपली. मी उठलो आणि स्टोव्ह पेटवला.

"अय्यो भय्या, मैं लाती ना चाय!" शेजारची तेलुगू बाई दारातून धावली.

"भावोजी, सुतकात चूल?" मेव्हणी ओरडली.

"हरलोय मी," म्हणालो, आणि आलं चांगलं मोठं घेऊन ठेचलं.