ब्रेकवाला मिस्त्री

डिक्कीवाली जुनी गाडी घेतल्यापासून मला प्रत्येक मेकॅनिकचा संशय यायचा. एकदा लेकीला घेऊन नांदुऱ्याला निघालो आणि ब्रेक खाली जातोय वाटलं, म्हणून वडनेर भोलजीला थांबलो. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने वाकून पाहिलं, हात पुसले आणि माझी चाबी स्वतःच्या खिशात टाकली.

"चाबी नाही देत. पोरगी बसली हाये मांगं."

काम काढायचा डाव, मी मनात म्हटलं. त्याने ब्रेकचा पाइप बदलला, तरी मी विचारलं, "नक्की बदलला ना?"

त्याने चाबी दिली आणि गाडीसमोर पाच पावलांवर जाऊन उभा राहिला.

"या माह्या अंगावर, अन् दाबा ब्रेक."

गाडी त्याच्या गुडघ्यांपासून वीतभरावर थांबली. तो जागचा हललाही नाही.