दाराला लावलेलं पुस्तक

आमच्या बाररूममध्ये दोन टेबलं आहेत. एक खिडकीपाशी, एक पाण्याच्या कूलरपाशी. खिडकीपाशी एका पक्षाचे वकील बसतात, कूलरपाशी दुसऱ्या पक्षाचे. असं कुठं लिहून ठेवलेलं नाही, पण नवा वकील सनद घेऊन आला की आठवडाभरात त्याला आपलं टेबल कळतं. आम्ही तीन बायका दाराजवळच्या बाकावर बसतो. बाकाला पक्ष नाही, कारण तिथं पंखा पोचत नाही आणि ती जागा कुणाला नको असते.

परळीच्या बाजूचं हे तालुक्याचं कोर्ट. वारं फिरलं की औष्णिक केंद्राची राख इथवर येते, आणि फाइल उघडण्याआधी ती झटकावी लागते. मी इथं चोवीस वर्षं दिवाणी कामं करते आहे. वाटणी, बांध, वहिवाट. एवढी भांडणं बघितल्यावर कुणी तावातावानं बोलायला लागलं की मी चहा मागवते. माझ्याबद्दल सगळे म्हणतात, मॅडम कशात नसतात. हे मी बरीच वर्षं कौतुक म्हणून ऐकत होते.

साहेबांचं नाव हायकोर्टाच्या न्यायमूर्तिपदासाठी वर गेल्याची बातमी आली, तेव्हा पहिल्या दिवशी दोन्ही टेबलांनी पेढे खाल्ले. साहेब म्हणजे आमच्याच तालुक्यातून खंडपीठात गेलेले मोठे वकील. आठवडाभर तिकडं, आणि रविवारी इथल्या घरच्या ऑफिसात. आमच्यातले निम्मे लोक त्यांच्याच हाताखाली काम शिकले. मीही तिथंच शिकले. दावा कुठून सुरू करावा, कुठं थांबावं, हे मला त्यांनी शिकवलं आणि चांगलं शिकवलं. ते मी आजही नाकारत नाही.

पेढ्यांनंतर दोनेक आठवड्यांनी साहेबांविरुद्ध हायकोर्टाकडं तक्रार गेली. करणारी मुलगी दीड वर्ष साहेबांची ज्युनिअर होती. धर्मापुरीच्या पुढच्या एका वस्तीवरची, आईबाप मेंढरं राखणारे, आणि त्या वस्तीवर काळा कोट घातलेली ही पहिलीच. रविवारी डिक्टेशनला बोलावून, दार लावून साहेब तिच्याशी कसे वागले, ते तिनं चार पानांत लिहिलं होतं. त्या पानांचे फोटो दुपारपर्यंत सगळ्यांच्या फोनवर आले. मीही वाचले. कुठं जास्त शब्द नव्हता, कुठं रडगाणं नव्हतं. ड्राफ्टिंग साहेबांच्याच हाताखालचं होतं.

साहेबांनी खिडकीवाल्यांच्या नेत्याची निवडणुकीची केस लढवली होती, त्यामुळं कुणी काय बोलायचं हे आपोआप ठरलं.

"न्यायमूर्तीचं नाव निघालं की असल्या तक्रारी निघत्यातच," खिडकीपाशी एक जण म्हणाला. "इतके दिवस कावून गप्प बसली?"

"तुमच्या घरात लेकीबाळी हाईत का न्हाईत बे?" कूलरपासून उत्तर आलं.

"तुमच्या तालुकाध्यक्षावर केस झाली, तवा कुठं गेलत्या लेकीबाळी?"

"ते येगळं."

त्या महिन्यात 'ते येगळं' हे शब्द मी दोन्ही टेबलांवरून सारखेच ऐकले. कूलरपाशी एक जण तक्रारीचं तिसरं पान मोठ्यानं वाचून दाखवायचा, आवाज चढवून, थांबे घेऊन. ते पान मोठ्यानं वाचायचं नव्हतं. पण त्याला थांबवावं असं कुणालाच वाटलं नाही, मलाही नाही. मुलगी त्या दिवसांत बाररूममध्ये येत नसे. ती बाहेर लिंबाखाली टायपिस्टांच्या रांगेत बसायची.

त्या तिसऱ्या पानावर एक वाक्य होतं: 'मला एका वरिष्ठ महिला वकिलांनी आधी सावध केलं होतं.'

"ह्या वरिष्ठ कोण?" खिडकीवाल्यांनी धरलंच. "नाव कावून न्हाई लिवलं? म्हंजे बनावट हाय."

दाराजवळच्या बाकावर वरिष्ठ म्हणावी अशी मी एकटीच होते. कुणी माझ्याकडं बघितलं नाही. वीस-बावीस माणसं एकाच वेळी एका बाजूला बघायचं टाळतात, तेव्हा ते चांगलंच कळतं. मी चहावरची साय चमच्यानं बाजूला करत राहिले.

सावध करायची आमची एक पद्धत होती. साहेबांच्या ऑफिसात नवी मुलगी ज्युनिअर लागली की मी तिला पहिल्या आठवड्यात कधीतरी गाठायची. आतल्या खोलीच्या कपाटात खालच्या कप्प्यात कुळकायद्याच्या निकालांचा एक जाड खंड होता, निजामाच्या वेळच्या जमिनींची प्रकरणं असलेला. तो आता कुणी उघडत नसे. मी सांगायची, आत जाताना तो खंड दाराच्या फटीत लावत जा. साहेबांनी विचारलं तर म्हण, हवा येऊ द्या. एवढंच. कशासाठी, हे मी कधी सांगितलं नाही आणि कोणत्याही मुलीनं कधी विचारलं नाही. माझ्यानंतर त्या ऑफिसात पाच मुली आल्या. पाचही जणींनी तो खंड लावला, वर्ष-दोन वर्षं काम केलं आणि निघून गेल्या. आपण मोठं काम करतो आहोत असं मला वाटायचं.

हिलाही मी ते सांगितलं होतं. फक्त हिच्या वेळेपर्यंत साहेबांनी खोलीत एसी बसवला होता. दुसऱ्याच रविवारी त्यांनी तो खंड स्वतः उचलला, एसीची हवा जाते म्हणाले, आणि कपाटात नेऊन ठेवला. तक्रारीत हे सगळं होतं, फक्त माझं नाव नव्हतं. ते तिनं माझ्याकडं बघून गाळलं होतं.

एकदा मधल्या सुट्टीत सगळे जेवायला गेले असताना ती बाकापाशी आली. बसली नाही. तिनं हायकोर्टाकडून आलेलं एक पत्र पुढं केलं. तक्रारीला पुष्टी देणारं कुणाचं प्रतिज्ञापत्र असेल तर ते पंधरा दिवसांत पाठवावं, नाहीतर तक्रार दप्तरी दाखल केली जाईल, असा त्याचा मतलब होता. दप्तरी दाखल म्हणजे फाइल बांधून फडताळात. आणि ती फाइल फडताळात गेली की मुलगी जन्मभर 'ती खोटी तक्रारवाली' होणार, हे सांगायला वकील लागत नाही. तिच्याकडचे दोन पक्षकार आधीच कागद परत घेऊन गेले होते. सरपंचानं बापाला बोलावून समज दिली होती.

"मॅडम, दुसरं काय नगं," ती म्हणाली. "पुस्तकाचं तेवढं लिहून द्या. तुमी मला सांगितलं व्हतं, एवढंच."

"बघू," मी म्हणाले.

आमच्या धंद्यात 'बघू' म्हणजे काय, ते तिलाही ठाऊक होतं. तिनं पत्राची घडी घातली. "बरं," म्हणाली, आणि लिंबाखाली गेली.

मला भीती वाटत होती. माझे मिस्टर ज्या शाळेत शिकवतात ती संस्था खिडकीवाल्यांच्या नेत्याची आहे. माझी निम्मी अपिलं साहेबांच्या ऑफिसातून पुढं जातात. शिवाय मी कशात नसते, ही माझी पत होती. पण खरी भीती यांतल्या कशाचीच नव्हती, आणि त्या वेळी मी त्या भीतीकडं बघायलाही तयार नव्हते. मी स्वतःला सांगितलं, पंधरा दिवस आहेत.

त्या पंधरा दिवसांतला आठवडा गेला आणि दोन्ही पक्षांच्या नेत्यांची युती झाली. सकाळी एकाच गाडीतून उतरतानाचा त्यांचा फोटो आला आणि दुपारच्या आत कूलरपाशी वातावरण बदललं. तिसरं पान वाचून दाखवणारा म्हणाला, "तसं बघितलं तर तपासून बघाया पायजे. एका बाजूनं बोलून जमत न्हाई." खिडकीवाल्यांनी त्याला आपल्या टेबलावर चहा दिला. लेकीबाळी ज्या वेगानं आल्या होत्या त्याच वेगानं गेल्या. मला हसू आलं, हे कबूल करते. दुसऱ्यांच्या बेरकीपणाला हसताना आपणच आपल्याला बरे वाटतो.

त्याच आठवड्यात आमचे एक म्हातारे वकील वारले. शोकसभा ठेवली. आमच्या बारची ठरावाची एक रीत आहे, ती बाहेरच्या कुणाला सांगितली तर खरी वाटणार नाही. आधी सह्या, मग ठराव. रजिस्टरचं अर्धं पान वर कोरं सोडतात, त्याखाली सगळे सह्या करून आपापल्या तारखांना पळतात, आणि ज्या कारकुनाचं अक्षर चांगलं तो जेवून आल्यावर वरचा मजकूर लिहितो. कोऱ्या कागदावर सही करू नका, हे आम्ही प्रत्येक पक्षकाराला बजावतो. खुर्द-बुद्रुकच्या अडाणी म्हातारीलासुद्धा. आणि दर ठरावाला आम्ही स्वतः तेच करतो. मी दोन मिनिटं उभी राहिले, सही केली आणि मनाईच्या एका अर्जावर युक्तिवादाला गेले.

संध्याकाळी बारच्या ग्रुपवर पानाचा फोटो आला. वरच्या कोऱ्या जागेत दोन ठराव होते. पहिला श्रद्धांजलीचा, चार ओळींचा. दुसरा लांब. साहेबांच्या नावाच्या शिफारशीचं एकमतानं स्वागत, त्यांच्यावरील आरोपांचा निषेध, आणि शेवटी: 'त्यांच्या कार्यालयात काम केलेल्या आम्हा स्त्री-पुरुष वकिलांचा अनुभव सदैव आदराचा राहिला आहे.' खाली सह्या. बायकांची माझी एकटीचीच, कारण बाकीच्या दोघी त्या दिवशी बीडला गेल्या होत्या.

मुलीचा फोन आला नाही. तिनं मला तोच फोटो पाठवला. खाली काही लिहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी बारच्या सचिवापुढं रजिस्टर ठेवलं. ते कूलरपाशी बसणारे, वयानं माझ्याहून लहान, स्वभावानं वाईट नाहीत.

"मॅडम, दरवेळी असंच करतो की आपण," ते म्हणाले. मनापासून बुचकळ्यात पडले होते. "मागच्या टायमाला पाण्याच्या टाकीचा ठराव आसाच घातला व्हता. तवा तुमी काय म्हणला न्हाईत."

"टाकी वेगळी," मी म्हणाले, आणि बोलल्यावर माझं मलाच ऐकू आलं.

"तुमची सही खोडून टाकतो. एकीनं काय फरक पडतोय?"

त्यांनी खरंच पेन काढलं. मी रजिस्टर ओढून घेतलं. सही खोडली असती तर मी पुन्हा कशातच नसते, आणि तसंच राहून मी इथवर आले होते. मला चीड आली होती, आणि ती सचिवावर नव्हती. तो खंड दाराला लावायला शिकवून मी पाच मुलींना सांभाळलं असं समजत होते. त्यापेक्षा मी साहेबांना सांभाळलं होतं. ऑफिसातून कधी ओरडा बाहेर आला नाही, कधी तक्रार झाली नाही, साहेबांचं नाव स्वच्छ राहिलं आणि वर गेलं. त्या स्वच्छ नावात माझ्या व्यवस्थेचा वाटा होता.

मी बाहेर लिंबाखाली गेले. तिथं एक म्हातारे टायपिस्ट आहेत, मशीन जाऊन कॉम्प्युटर आला तरी ते तिथंच, त्याच खुर्चीत. माझे सगळे दावे त्यांनीच टाइप केले आहेत. दोन खुर्च्या सोडून मुलगी बसली होती, एक नक्कल तपासत. तिनं मान वर केली नाही.

"प्रतिज्ञापत्र घ्या," मी टायपिस्टांना म्हणाले.

"लिहून देणार कोण, मॅडम?"

"मी."

त्यांची बोटं थांबली. मग त्यांनी माझं नाव, वय, धंदा, काही न विचारता घातलं. पहिला परिच्छेद, मी कधीपासून वकिली करते. दुसरा, साहेबांच्या ऑफिसात मी कधी होते. तिसरा, तक्रारदार मुलीला दाराला पुस्तक लावायला मीच सांगितलं, आणि तिच्याआधी आणखी पाच जणींना. मी भरभर सांगत होते, दुसऱ्या कुणाचं काम असल्यासारखं. रजिस्टरमधली माझी सही कोऱ्या कागदावर घेतली होती, हेही त्यातच घातलं.

"बास?" त्यांनी विचारलं.

"बास."

ते पडद्याकडं बघत राहिले. चाळीस वर्षं प्रतिज्ञापत्रं टाइप करणाऱ्या माणसाला वकिलापेक्षा जास्त कळतं.

"मॅडम, ह्ये टिकत न्हाई," ते म्हणाले. "पुस्तक लावायचं ह्ये तुमाला कशावरनं ठाव व्हतं, त्ये कुठं लिवलंय? स्वताच्या म्हायतीवरनं का ऐकीव? ऐकीव असंल तर वर कुणी वाचणार बी न्हाई."

हा प्रश्न मी चोवीस वर्षं लोकांना विचारत आले आहे. तुम्हाला हे स्वतः माहीत आहे, की कुणी सांगितलं?

"ऐकीव नाही," मी म्हणाले.

"मग? तुमाला कुणी सांगितलं व्हतं पुस्तकाचं?"

"मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्याआधी त्या ऑफिसात बाई नव्हती."

मुलीच्या हातातला कागद खाली आला. टायपिस्टांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि परत घातला. हे मी माझ्या आईलासुद्धा सांगितलेलं नव्हतं.

"चौथा परिच्छेद घ्या," मी म्हणाले. "त्या रविवारी दार बंद होते."