ऑपरेटरबाईंनी लावलेला फोन

गुरुवारी साडेचारला पाच मिनिटं कमी असली की ऑपरेटरबाईंचे यजमान न सांगता उठायचे, एका हातात स्टूल, दुसऱ्या हातात चहाचा कप घ्यायचे आणि जिन्यात जाऊन बसायचे. घर दोन खोल्यांचं. मधली भिंत अशी, की आत कुणी शिंकलं तर बाहेरच्याने "देव भलं करो" म्हणावं. आणि बाईंचं काम असं, की त्यातला एक शब्दही तिसऱ्या कानावर जाता कामा नये. "माझ्याच घरातून मला हद्दपार केलंय हो!" असं ते वर-खाली करणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, पण चेहरा असा, जणू बढती मिळालीय. आयुष्यभर बस चालवलेला माणूस. एका जागी बसून लोक येता-जाताना बघायची त्यांना सवयच होती.

बाईंचं काम म्हणजे समुपदेशन, तेही इंटरनेटवरून. त्यांच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी ही सेवा सुरू केली होती. मन जड झालेल्या माणसाने वेळ ठरवायची, त्या वेळेला पडद्यावर यायचं आणि बाईंसारख्या कुणापाशी मन मोकळं करायचं. हवी असेल तर शेवटी प्रार्थना. नको असेल तर राहिलं, बळजबरी नाही.

आता तुम्ही म्हणाल, या बाईंनाच का निवडलं? अहो, ज्या बाईने चौतीस वर्षं मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर काढली, तिच्याइतकं ऐकून घेणारं माणूस मिळणार कुठे? नुसत्या खोकण्यावरून त्या डॉक्टर ओळखायच्या. हॅलो म्हणायच्या आधीच्या श्वासावरून कळायचं की पलीकडे बाळंतपणाची गडबड आहे की कुणी गेलंय. नंबर त्यांनी कधी वहीत लिहिला नाही, सगळे डोक्यात. निवृत्त झाल्यावर दोन महिने त्या घरात अशा वावरल्या, की यजमान कंटाळून पाळकसाहेबांकडे गेले आणि म्हणाले, "हिला काहीतरी ऐकायला द्या हो, नाहीतर ही माझंच ऐकत बसेल, आणि माझ्याकडे तर सांगण्यासारखं काही नाही."

सहा महिने शिक्षण झालं. नियम तीन. समोरचा गप्प बसला तर ती शांतता आपण बडबडून भरायची नाही. त्याच्या घरचं आपल्या घरी सांगायचं नाही. आणि आपल्या घरचं त्याला सांगायचं नाही; तो त्याचं ओझं उतरवायला आलाय, आपलं उचलायला नाही. पहिले दोन नियम बाईंना बोर्डावरच पाठ झाले होते. तिसऱ्याचं त्यांना हसू यायचं. आपल्या घरचं सांगायला आहेच काय? सगळं छान चाललंय.

ते खरंही होतं, एक गोष्ट सोडली तर. बाईंना एक धाकटी बहीण होती. त्याच शहरात, बसने पाऊण तासावर. अकरा वर्षं दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

बाई माणसांना नावांनी नाही, वेळेने ओळखायच्या. सोमवार अकरा म्हणजे नवरा गेलेली शिक्षिका. बुधवार सहा म्हणजे दारू सोडू पाहणारा गवंडी. आणि गुरुवार साडेचार म्हणजे पाववाला. बेकरी त्याची स्वतःची. पहाटेपासून भट्टीपाशी उभा राहून दुपारी मोकळा व्हायचा आणि पिठाच्या पोत्याला फोन टेकवून बोलायला बसायचा. फोन असा काही तिरका ठेवायचा, की बाईंना त्याचं अर्धं कपाळ आणि वरचा पंखा एवढंच दिसे. त्याची लेक त्याच्या मनाविरुद्ध लग्न करून गेली, त्या दिवशी तो तिला नको ते बोलला होता. त्याला दोन वर्षं झाली. आता रोज फोन हातात घ्यायचा, नंबर काढायचा आणि परत खिशात टाकायचा.

त्या गुरुवारीही तेच. "तिने उचललाच नाही तर?" तो म्हणाला.

"उचलणं तिच्या हातात," बाई म्हणाल्या. "लावणं तुमच्या हातात. तिच्या हातातलं तुम्ही कशाला धरून बसलाय?"

मग त्याने जड आवाजात प्रार्थना करा म्हणून सांगितलं आणि बाईंनी डोळे मिटले.

प्रार्थना लांबली. बाप, लेक, दोघांमधला राग, सगळं त्यांनी प्रभूपुढे ठेवलं. "आमेन" म्हणून डोळे उघडले, तर पडद्यावर नुसता काळा चौकोन. कपाळ नाही, पंखा नाही, आवाज नाही. त्यांनी कान दिला, श्वाससुद्धा नाही. गेली लाइन! हे आठवड्यातून दोनदा व्हायचं. बाईंनी कानावरचा हेडफोनही काढला नाही. तशाच बसल्या आणि उघड्या डोळ्यांनीच बोलू लागल्या, मोठ्याने, त्या स्वयंपाक करताना देवाशी बोलायच्या तशा.

"प्रभू, कोणत्या तोंडाने मी त्याला हे सांगते रे? मी स्वतः अकरा वर्षं लावलाय का फोन? सगळ्या जगाला जोडून दिलं मी, आणि सख्ख्या बहिणीला होल्डवर ठेवलं. आई तिच्या घरी शेवटचे श्वास मोजत होती. बहीण बोर्डावर फोन करून म्हणाली, मी बोलतेय. आणि मी म्हटलं, एक मिनिट थांबा हं. थांबा! तिला! एका बसला अपघात झालेला, बोर्डावरचे सगळे दिवे एकदम लागलेले, हे खरं. पण डॉक्टरांचा खोकला ओळखणारी मी, मला माझ्या बहिणीचा आवाज ओळखू आला नाही. एकोणीस मिनिटांनी मी परत लाइनवर गेले तेव्हा ती तिथेच होती. म्हणाली, आई गेली, तुझं नाव घेत गेली. आणि दफनाच्या वेळी मी माती द्यायला पुढे झाले, तर सगळ्यांदेखत म्हणाली, तिला जरा थांबायला सांगा. चूक माझी, आणि राग धरून बसलेही मीच. कसली समुपदेशक मी?"

त्यांनी पदराने नाक पुसलं. तेवढ्यात कानात आवाज आला.

"बाई, मी इथेच आहे."

धरणीने पोटात घ्यावं असं बाईंना झालं. लाइन कुठेच गेली नव्हती! प्रार्थनेत पाववाल्याला रडू आलं, ते बाईंनी बघू नये, ऐकू नये म्हणून त्याने कॅमेरा बंद केला होता आणि माइकही. मग पंखा परत दिसू लागला आणि आज पहिल्यांदाच पाववाल्याचा आख्खा चेहरा. डोळे लाल, मिशीला पीठ.

"ऐकलंत?" बाई कशाबशा म्हणाल्या.

"सगळं. बाई, रागावू नका, पण विचारतो. लावणं आपल्या हातात असतं म्हणालात ना? मग तुमचे हात कुठे अडकलेत?"

बाईंनी हेडफोनची वायर बोटाला गुंडाळली.

"असं करू," तो म्हणाला. "आधी तुम्ही. मग मी. पुढच्या गुरुवारी साडेचारला मी विचारणार, आणि तुमच्याच्याने खोटं बोलवणार नाही." आणि भट्टी बघायला हवी म्हणून तो गेलासुद्धा.

शुक्रवारी बाई पाळकसाहेबांकडे गेल्या आणि गुन्हेगारासारख्या उभ्या राहून म्हणाल्या, "तिसरा नियम मोडला." पाळकसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "मोडला खरा. लिहून ठेवतो. पुन्हा नको." मग म्हणाले, "तो माणूस आला तर त्याला खरं उत्तर द्यायला हवं हं. ते नियमात नाही, पण द्यायला हवं."

म्हणजे काय, तर बाई पुरत्या अडकल्या. फोन केला नाही, तर गुरुवारी पाववाल्याला तोंड कसं दाखवायचं? आणि त्याने त्याच निमित्ताने आपला फोन खिशात ठेवला, तर एका बापाची लेक कायमची गेली. शिवाय बहिणीने आवाज ऐकताच रिसीव्हर आपटला, तर? आजवर निदान एक आशा होती. ती मनात नीट घडी करून ठेवली होती, उघडून कधी पाहिली नव्हती. फोन केला की तीही जाणार.

शनिवार गेला. रविवारी उपासनेत बाईंचं गाण्यात लक्ष नव्हतं. सोमवारी भात तळाला लागला, तेव्हा बहिणीला फोन करायचाय एवढं त्यांनी यजमानांना सांगून टाकलं. मंगळवारी सकाळी यजमान म्हणाले, "अगं, जगाला फोन जोडून दिलेस. आता स्वतःचा एक लावायचा तर घर डोक्यावर घेतलंस. मी जातो जिन्यात."

"आज कुणाची वेळ नाहीये."

"तुझी आहे ना," म्हणाले आणि स्टूल उचललं.

नंबर आठवावा लागला नाही. अकरा वर्षं डोक्यात जागच्या जागी होता. घंटा वाजली. तीन, चार, पाच. सातव्या घंटेला उचलला.

"हॅलो?"

तोच आवाज, जरा जाड झालेला. बाईंनी काय काय ठरवलं होतं! सगळं उडून गेलं. एवढंच निघालं: "मी बोलतेय."

धाकटी म्हणाली, "थांब." आणि खट्‌कन रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज.

ठेवला. पण आपटला नाही. बंद केला नाही. लाइन चालू होती, हे बाईंना कुणी सांगायला नको होतं.

त्या थांबल्या. पलीकडचं घर कानात येत राहिलं. नळ सुरू झाला, बंद झाला. बादली ओढली. कुणी पुरुषाने विचारलं, "कोण आहे फोनवर?" आणि धाकटीचा आवाज लांबून, तुटक, "ताई आहे."

ताई! अकरा वर्षांत त्या शब्दाने बाईंना कुणी हाक मारली नव्हती. आणखी कोण मारणार? त्यांचे डोळे भरून आले, आणि त्या भरल्या डोळ्यांनी हसू लागल्या. बऱ्याच वेळाने दार किलकिलं करून यजमानांनी डोकावलं, घड्याळाकडे बोट केलं, फोन ठेवून दे अशी खूण केली. बाईंनी जोरजोरात मान हलवली. ठेवायचा? अहो, असं सुखाने थांबायला आयुष्यात कधी मिळालं होतं! पलीकडे कपडे झटकल्याचे आवाज येत होते. एक, दोन, मग एक मोठा, बहुधा चादर. चप्पल फरशीवर घासत आली, गेली, परत आली.

किती मिनिटं झाली ते यजमान नंतर छातीठोकपणे सांगायचे. बाईंनी मोजली नव्हती. रिसीव्हर उचलला गेला.

"आहेस का अजून?"

"आहे."

"मला वाटलं, ठेवून देशील."

"तू तरी कुठे ठेवला होतास त्या दिवशी?" बाई म्हणाल्या. "एकोणीस मिनिटं धरून होतीस. छोटे, मला तुझा आवाज ओळखू आला नाही गं. माझं चुकलं."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. तो बाईंनी बरोबर ओळखला. लहानपणी रडू दाबताना धाकटी असंच करायची.

"कपडे वाळत घालून झाले माझे," धाकटी म्हणाली. खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं, बसली असावी. "आता मला वेळ आहे. सांग ताई, त्या दिवशी तुझ्या बोर्डावर काय झालं होतं?"

अकरा वर्षांत हे बाईंना कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनीही पाय वर घेतले, भिंतीला टेकल्या आणि पहिल्यापासून सांगायला लागल्या. जिन्यात यजमानांनी रिकामा कप स्टुलाखाली ठेवला आणि वर येणाऱ्या शेजारणीला तोंडावर बोट ठेवून, हळू जा म्हणून खूण केली.