टोरांटो ते हिर्डोशी

“अंतर नको सांगू. टाइम सांग,” असं म्हणतच तात्या माझ्या दुकानातल्या खुर्चीवर बसायचे. भोरला माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. ते आणि मी दोघंही हिर्डोशीचे.

तात्यांकडे गावानं एक खातं बिनविरोध सोपवलं होतं. कुणी गेलं की पाहुणे कुठून, कशानं, कधी पोचतील याचा अंदाज घेऊन मयत कधी उचलायचं ते तात्या ठरवायचे. पाहुणा फोनवर म्हणाला, “कापूरहोळला आलोय,” की तात्या आम्हाला सांगत, “अजून कात्रजलाच हाय समजा,” आणि तासभर वाढवत. असे पाहुणे तुम्हीही पाहिले असतील. बहुधा तुम्हीच असाल.

नियम एकच. “चार तास. म्होरं कुनासाठीबी थांबायचं न्हाई.”

या नियमापायी विंझरला दिलेली एक लेक आईच्या शेवटच्या दर्शनाला मुकली. दोन एसट्या बदलून ती आली तेव्हा चिता पेटली होती. तात्यांनी तिला कोणती गाडी धरायला हवी होती ते समजावून सांगितलं. त्यानंतर आठ दिवस तात्या घराबाहेर दिसले नाहीत.

एकुलता एक मुलगा नोकरीला टोरांटोला गेला आणि तात्यांनी मला टोरांटो ते मुंबई शोधायला लावलं. साडेबारा हजार किलोमीटर. मध्ये विमान बदलून बावीस तास.

“आन् मुंबई ते हिर्डोशी?”

“सात तास.”

“साडेबारा हजाराला बावीस, आन् दोनशेला सात!” तात्या बेहद्द खूश झाले.

पुढे दर महिन्याला येऊन तेच विचारायचे. मी एकदा चेष्टेनं म्हटलं, “पासपोर्ट काढू का तात्या?” ते हसले नाहीत.

“म्या गेल्यावर तुला इचारतील, पोरगं कधी पोचंल. चार दिस सांग. म्हंजी थांबायचे न्हाईत. त्या पोरीसाठी थांबलो न्हाई, माझ्या पोरासाठी का थांबायचं?”

मी हो म्हणालो. माणूस समोर धडधाकट बसलेला असताना हो म्हणायला काय जातं?

ऐन लावणीत एका सकाळी तात्या गेले. मुलाला फोन झाला, तो निघाला. कधी उचलायचं हे ठरवणारा माणूसच आत निजलेला, म्हणून सगळे माझ्याकडे बघायला लागले. चार दिवस सांगायला तोंड उघडलं आणि म्हणालो, “उद्या संध्याकाळी.” तात्यांना दिलेला शब्द मी मोडला, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

थांबायचं असं कुणी म्हणालं नाही, पण उठलंही कुणी नाही. मी भोरहून बर्फाच्या लाद्या आणल्या. उपटलेली भाताची रोपं बांधावर तशीच पिवळी पडत राहिली. गावात मयत असताना शेतात कोण जातं?

दुसऱ्या दिवशी दिवस मावळताना जीप आली. मुलगा उतरला आणि अंगणात बसलेलं सगळं गाव बघून जागीच थबकला. “लई उशीर झाला का?”

दीड दिवस ओट्यावर बसून असलेले एक म्हातारे उठले. त्यांनी त्याच्या हातातली बॅग घेतली आणि म्हणाले, “न्हाई रं. आमी बी आत्ताच आलोय.”